मथुरेसाठी मोठी चाकं

१७ ऑगस्ट १९७८
पेंडीच्या दुकानदाराने जानेवारीत दिलेली डायरी आज उघडली. साडेसात महिने कोरी राहिली. लिहिण्यासारखं काही मी घडू दिलं नाही, सावध माणूस आहे. चौथीत दोनदा बसलो, त्यामुळे माझी चौथी इतरांपेक्षा पक्की आहे. आता रोज लिहायचं.
निश्चय एक : जीपला मोठी चाकं बसवायची. निश्चय दोन : हे कुणाला सांगायचं नाही.

त्याच दिवशी, दुपारी
गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर, गिऱ्हाइकासमोर म्हशीची धार काढून देतात तिथे, सगळ्यांना सांगितलं.
कारण लिहून ठेवतो. दर दिवाळीच्या पाडव्याला सागरमाळावर आम्हा गवळ्यांच्या म्हशी पळतात. मालक गाडीवर पुढे, म्हैस मोकळी मागे. दावं नाही, हाक नाही, पेंड दाखवायची नाही. जी म्हैस धन्याची गाडी शेवटपर्यंत सोडत नाही तिला चांदीचं कडं आणि धन्याला फेटा. माझी मथुरा गेली सात वर्षं माझ्या लढाईच्या वेळच्या जुन्या जीपमागे अशी येते की बघत राहावं. तरी गेल्या वर्षी कडं शेजारच्या कृष्णातला मिळालं. त्याची नवी मोटरसायकल, सायलेन्सर काढलेला. पंच म्हणाले, हंबीरतात्यांची म्हैस एक नंबर, पण गर्दीत गाडीच दिसत नाही. कृष्णात म्हणाला, तात्यांची जीप अंड्यावर बसल्यासारखी दिसते. लोक हसले. पुढे नऊ महिने मला धड झोप नाही.
दिसली ती फक्त झुंबरबाई. म्हणजे आमची मंडळी. ती मागच्या फळीवर पाय सोडून, मथुरेकडे तोंड करून बसते. दुधाचे कॅन धरायला. बाकी तिचा काही उपयोग नाही.

२१ ऑगस्ट
उद्यमनगरात गैबी मिस्त्रीकडे गेलो. म्हणाला, नुसतं मोठं चाक बसत नाही, मडगार्डला घासतं. आधी गाडी उचलायची. कमानपाट्यात दोन पाटे जादा घालायचे, एक्सल आणि पाटा यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे द्यायचे, लांब बोल्टांनी आवळायचे. मग सहा-सोळाच्या जागी साडेसात-सोळाचं चाक. वर असंही म्हणाला की ब्रेक कमी धरेल, स्टिअरिंग जड होईल आणि वळणावर गाडी कलेल. मी सांगितलं, मी सरळ माणूस आहे.
त्याने तीनदा विचारलं, कशाला पायजे? मी तिन्ही वेळा सांगितलं, चिखलासाठी. तो बराच वेळ माझ्या गुडघ्यांकडे बघत होता. मग म्हणाला, "हंबीरराव, चढायचं मी बघतो. उतरायचं तुमी बघा."
मिस्त्री लोकांना बोलायची सवय असते.
घरी आल्यावर चाकांचे नट मोजले. चार चाकं, पाच-पाच नट. वीस. कुणी रात्री येऊन ढिले करील अशी मला भीती आहे. कुणी म्हणजे कोण, ते लिहीत नाही. भिंत एकच आहे मध्ये.

२७ ऑगस्ट
झुंबरबाईला सांगितलं. तिने विचारलं, किती उंच? मी हात धरून दाखवला, तो तिच्या छातीपर्यंत आला. ती शेण थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "मग मी कुठं बसू?"
जिथे बसतेस तिथेच, असं सांगितलं. तिला मशिनरीतलं कळत नाही. तिचे गुडघे दुमडत नाहीत ही गोष्ट ती दर वेळी मध्ये आणते. चालायला बरे चालतात.

२ सप्टेंबर
टायर मिळाले. शिरोळच्या एका ट्रॅक्टरवाल्याकडे चार पडून होते, रिमसकट. दोन ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांचे, दोन ट्रॉलीचे. मागच्या पुरात आठवडाभर पाण्याखाली होते म्हणून स्वच्छ आहेत. त्याला म्हैस हवी होती. मथुरेची दोन वर्षांची वगार देऊन टाकली. टायर वाढत नसतात, वगार वाढते, म्हणजे त्याचाच फायदा झाला. माझा स्वभावच असा आहे.
ती वगार झुंबरबाईने बाटलीने दूध पाजून वाढवली होती, असं ती म्हणते. मी कधी पाहिलं नाही, मी तेव्हा झोपलेलो असतो. आज ती जेवली नाही. मथुरा पण जेवली नाही. दोघींनी मिळून ठरवलं असणार.

९ सप्टेंबर
जीप गैबीकडे, चारी चाकं काढलेली, खाली लाकडी ओंडके. बघवलं नाही. 
मथुरेची चिंता होती, जीप नसताना ती कट्ट्यावर धारेला कशी जाणार. पण जाते, दोन्ही वेळा. झुंबरबाई पुढे चालते, मथुरा तिच्यामागे. ना दावं, ना काठी. इतक्या वर्षांत मी लावलेली शिस्त. एकदा लागलेली शिस्त माणूस नसतानाही राहते.

२४ सप्टेंबर
जीप घरी आली. काय दिसते! गैबी स्वतः पोचवायला आला. पोरंसोरं मागे पळत होती. मी तिसऱ्या झटक्याला चढलो. पहिले दोन झटके अंदाज घेण्यासाठी होते.
सीटवर बसून पाहिलं तर कृष्णातच्या भिंतीपलीकडचं सगळं दिसतं. कृष्णात आंघोळ करत होता. त्यानेही मला पाहिलं. मी नमस्कार केला.
उतरताना थोडा वेळ लागला. पाय जमिनीला पोचेना. झुंबरबाईने घरातून घडवंची आणून पायाखाली दिली. पिंपाखालचीच घडवंची, पण उंची नेमकी बसली. निश्चय : घडवंची हे कायमचं काम तिला द्यायचं.
दोष म्हणून नव्हे, नोंद म्हणून : स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे फिरवलं की पुढचं चाक मडगार्डला घासतं आणि गाडी वळत नाही. डावीकडे मात्र लोण्यासारखी वळते. गैबी म्हणाला, मडगार्ड कापू का? मी नको म्हटलं. तीन वेळा डावीकडे वळलं की एक उजवं होतं. चौथीचं गणित.

२५ सप्टेंबर
मोठा शोध. उचगावला मेव्हण्याकडे, ज्ञानूकडे, दूध घालायला गेलो. घरापासून उचगाव माझ्या मीटरवर गेली पंधरा वर्षं बरोबर चार मैल. आज साडेतीन. परत येताना पुन्हा साडेतीन, डावी वळणं धरून जरा जास्त. म्हणजे मोठ्या चाकाने अंतर कमी होतं. वेळ तेवढाच लागला. घड्याळही गैबी दुरुस्त करतो का, विचारायला हवं.
कट्ट्यावर सांगितलं. कृष्णात म्हणाला, तात्या, अजून मोठी घाला, उचगाव उंबऱ्यावर येईल. बाकीचे हसले. कोलंबसालाही हसले असतील.

२८ सप्टेंबर
झुंबरबाईला मागे बसवायचं होतं. आधी घडवंचीवरून. पाय फळीला लागेना. मग घडवंचीवर दुधाचा कॅन ठेवला. मी वरून हात दिला असता, पण मला वाकलं की चक्कर येते. ती कॅनवर चढली आणि कॅन सरकला.
कॅनला मोठा पोचा पडला. झाकण नीट बसत नाही. फार वाईट वाटलं, तो कॅन माझ्या वडिलांच्या वेळचा.
तिचं मनगट सुजलं. हळद लावली, तिची तिनेच. म्हणाली, मी आपली चालत जाईन. मी म्हटलं ठीक. जीपमध्ये जागाही मोकळी होते.

२ ऑक्टोबर
पहिली तालीम. झुंबरबाई चुलीपाशी, मी जीपवर, मथुरा मोकळी. भोंगा वाजवला. माझ्या भोंग्यावर ती जन्मल्यापासून पळते. उभी राहिली. पुन्हा वाजवला. तिने कान हलवले. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन तीन वेळा डावीकडे वळून परत आलो, तोवर ती गोठ्यात जाऊन बसली होती.
कारण सापडलं. टायरना शिरोळच्या पुराचा वास येतो.

५ ऑक्टोबर
टायर फिनेलने धुतले. मथुरा जवळसुद्धा येईना. मग घरचा वास यावा म्हणून चारी टायरना शेण लावलं. झुंबरबाई सुजल्या हाताने शेण कालवून देत होती. विचारलं तर म्हणाली, मला काय, भिंतीला लावायचं ते चाकाला लावते. तिला बोलायची पद्धत नाही.
नट शेणाखाली गेले. बोटाने चाचपून मोजले. एकोणीस. पुन्हा मोजले. वीस. एक तास गेला.

१० ऑक्टोबर, खंडेनवमी
जीपची पूजा. चाकांखाली लिंबं ठेवली. पहिलं लिंबू फुटलंच नाही, टायरच्या दोन पट्ट्यांच्या मधल्या खाचेत गेलं आणि तसंच बाहेर आलं. शुभ की अशुभ, कुणाला विचारावं? झुंबरबाईचा हात बॉनेटपर्यंत पोचला नाही. हळदकुंकू नंबरप्लेटला लावलं.
मथुरा आपणहून जीपजवळ आली आणि झेंडूची माळ खाऊन गेली. प्रगती आहे.

१४ ऑक्टोबर
कट्ट्यावर वाद. मी शांतच होतो. एवढंच म्हणालो की या वर्षी कडं कुठे जाणार ते आंधळ्यालाही दिसेल. कृष्णात ग्लासात धार काढून घेत होता. तो म्हणाला, "तात्या, रागावू नगा. म्हस तुमच्या गाडीमागं कवाच पळत न्हवती. मागं काकी बसत्यात की. ती काकीच्या तोंडाकडं बघत पळत्या."
 कुणीच हसलं नाही, त्याचं मला नवल वाटलं. जणू सगळ्यांना आधीच ठाऊक होतं.
मी उभा राहिलो. म्हणालो, जनावर इंजिन ओळखतं. मथुरा जर माझ्या गाडीमागे आली नाही, तर मी माझ्या गाडीनिशी तिच्यामागे जाईन, सगळ्या कोल्हापूरसमोर. असं बोलल्यावर समोरचा गार पडतो. कृष्णात गार पडला नाही. त्याने ते दोनदा म्हणून पाठ करून घेतलं.

२० ऑक्टोबर
कृष्णातचं बोलणं खोटं पाडायला शास्त्रीय प्रयोग केला. झुंबरबाईला कडबा ठेवतो त्या खोलीत बसवून बाहेरून कडी घातली. बोलायचं नाही, खोकायचं नाही, बांगड्या वाजवायच्या नाहीत. मग जीप सुरू केली. मथुरा खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. दार शिंगाने ढकललं. कडी उचकटली.
प्रयोग यशस्वी. निष्कर्ष असा की झुंबरबाई जवळपास असली की म्हशीचं लक्ष विचलित होतं. तिला पाडवा होईपर्यंत माहेरी, उचगावला पाठवायचं.
कडी दुरुस्त करून घ्यायला हवी.

२२ ऑक्टोबर
ज्ञानू बहिणीला न्यायला आला. बसने नेली, कारण जीपमध्ये तिला चढता येत नाही. बेचाळीस वर्षांत ती दिवाळीत कधी या घराबाहेर राहिली नाही, असं ज्ञानू मला ऐकवत होता. मी म्हटलं, म्हणूनच विश्रांती.
बोचकं काखेत घेऊन ती गोठ्यात गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. बाहेर आल्यावर मला एकच विचारलं. "पाडव्याला तुमाला ओवाळायचं कुणी?"
मी म्हटलं, आधी कडं येऊ दे, मग ओवाळ. तोवर मागे बघू नकोस, म्हैस बिथरते.
तिने मागे बघितलं नाही. म्हैस बिथरली.

२४ ऑक्टोबर
मथुरेने दूध चोरलं. सकाळी तांब्याभर, संध्याकाळी फेस. कासेला हात लावू देत नाही. मांडीवर लाथ बसली. गिऱ्हाइकं कृष्णातच्या म्हशीकडे गेली. माझं ब्लड प्रेशर वाढलं असावं, मोजायला डॉक्टरकडे जायचं तर उजवीकडे वळावं लागतं.
निश्चय : मथुरेशी प्रेमाने बोलायचं.

२५ ऑक्टोबर
प्रेमाने बोललो. दुसऱ्या मांडीवर लाथ.

२७ ऑक्टोबर, पहाटे
थंडी फार. माझी घोंगडी सापडेना म्हणून दांडीवरचं झुंबरबाईचं जुनं लाल लुगडं अंगावर घेतलं. डोक्यावरूनही घेतलं, कानाला वारा लागतो. तसाच धारेला बसलो. मथुरेने माझ्या खांद्याला तोंड लावलं, एक मोठा श्वास सोडला आणि पान्हा सोडला. बादली भरली.
थंडीचा परिणाम. थंडीत म्हशी जास्त दूध देतात, हे सगळ्यांना माहीत आहे.
कृष्णातने भिंतीवरून पाहिलं. म्हणाला, काकी कधी आल्या?

२८ ऑक्टोबर
जीपच्या मागे लाल कापड बांधावं, हा वाहतुकीचा नियमच आहे. घरात लाल कापड ते लुगडंच. मागच्या फळीला बांधलं.
तालीम घेतली. मथुरा आली! गल्लीच्या टोकापर्यंत आली, तोंड लुगड्याला लावून. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी इंजिन ओळखलंच तिने.
उचगावला निरोप धाडला की झुंबरबाईने यायची घाई करू नये, सगळं उत्तम चाललं आहे. भाकरी करपते तेवढीच अडचण.

३१ ऑक्टोबर
लक्ष्मीपूजन. दारात पणती मीच लावली. दोनदा विझली. मथुरेच्या शिंगांना रंग दिला, गळ्यात घुंगूर बांधले, पाठीवर केस कापून माझं नाव काढलं. 'हंबीर' एवढंच मावलं, पुढचा 'राव' पोटाकडे गेला.
फेट्यासाठी डोक्याचं माप घेतलं. साडेबावीस इंच. उद्या पंचांनी विचारलं तर तयार असावं.
नट : वीस. वीस. वीस.

१ नोव्हेंबर, पाडवा, सकाळी सहा
निघतो. घडवंचीवरून एका झटक्यात चढलो. घडवंची अंगणातच राहिली. कडं घ्यायला उतरावं लागेल, तेव्हा कुणीतरी हात देईलच. विजेत्याला लोक खांद्यावर घेतात.
डायरी आणि पेन्सिल सीटखाली घेतली आहे. निकाल ताजा लिहावा.

दुपारी एक, रस्त्याच्या कडेला, जीपमध्ये
घडलं ते क्रमाने लिहितो, म्हणजे उद्या कुणी वेगळं सांगितलं तर हे दाखवता येईल.
सागरमाळावर ही गर्दी. माझी जीप आत शिरली तेव्हा सगळ्यांच्या माना वर झाल्या. कुणी शिटी मारली. पंच टाचा उंचावून माझ्याशी बोलले. मी सगळ्यांच्या टोप्या वरून पाहिल्या. असं सुख मला सहासष्ट वर्षांत मिळालं नव्हतं. मथुरा लुगड्याला लागून उभी होती.
कृष्णातची म्हैस आधी पळाली. बरी पळाली.
मग मी. पहिला टप्पा सरळ होता. मथुरा मागे घुंगूर वाजवत येत होती. टाळ्या. मी एक हात वर केला. पुढे दोरी लावून मैदानाची फेरी आखली होती आणि ती उजवीकडे वळत होती. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. मी दर वर्षी तिथे असतो हे खरं, पण तेव्हा जीप उजवीकडे वळायची.
मी डावीकडे वळलो. तीन डावी म्हणजे एक उजवं, हे पंचांना वरून ओरडून सांगत होतो. पहिल्या डावीला शेंगदाणेवाल्याची टोपली गेली. दुसऱ्या डावीला वारा फिरला आणि लुगडं उडून मागच्या चाकात गेलं. चाकाने ते गुंडाळत गुंडाळत आत ओढलं, एक्सलपर्यंत. फाटताना आवाज झाला. जीप गचका खाऊन थांबली.
मथुरा पण थांबली. ज्या फळीला लुगडं होतं तिथे तिने नाक लावलं. तिथे आता नुसती गाठ होती.
मी भोंगा वाजवला. तिने मान वर केली, पण माझ्याकडे नाही. गर्दीकडे. वास घेत राहिली. मी भोंग्यावरून हात काढलाच नाही. शेवटी भोंगा चिरका झाला आणि बंद पडला. त्या शांततेत मथुरा चालायला लागली. लोक बाजूला झाले.
गर्दीच्या कडेला झुंबरबाई उभी होती. उचगावहून पहिल्या बसने आली होती म्हणे. पदराखाली ओवाळणीचं ताट. पाडवा चुकवायचा नाही म्हणून आली असणार, आमच्याकडे रीत आहे. मथुरेने जाऊन तिच्या सुजल्या मनगटाला तोंड लावलं. झुंबरबाईने माझ्याकडे पाहिलं, मग चाकातून लोंबणाऱ्या लुगड्याकडे.  ताट सावरलं आणि माळ उतरून उचगावच्या रस्त्याला लागली. मथुरा तिच्यामागे. ना दावं, ना हाक, ना पेंड. पंचांपैकी एकाने टोपी काढली. कशाला काढली, ऊन होतं.
कडं कृष्णातला. नियमात गाडी लागते, बाई चालत नाही, असं पंच म्हणाले. निदान तेवढा तरी न्याय झाला.
मला वाटलं, माझे कट्ट्यावरचे शब्द कुणाच्या लक्षात नसतील. कृष्णातने फेटा बांधून घेता घेता सगळ्या माळाला ते ऐकवले, एक अक्षर न चुकता. मग पाच-सहा जणांनी चाकातलं लुगडं जमेल तेवढं उपसून मला धक्का मारला. जीप सुरू झाली. फर्स्ट गिअर. मी रस्त्याला लागलो. पुढे झुंबरबाई, मागे मथुरा, तिच्यामागे मी. मथुरेच्या पाठीवर 'हंबीर' लिहिलेलं मला वरून स्पष्ट दिसत होतं.
रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं. कृष्णात मोटरसायकलवरून बाजूने आला, सायलेन्सर काढलेला, तरी त्याचं बोलणं ऐकू आलं. तो मला नाही, लोकांना सांगत होता. "बगा रे. काकीनं दोन जनावरं लावल्यात मागं. एकाला बी दावं न्हाय."
त्याला उत्तर तयार होतं. पण इंजिन तापलं म्हणून गाडी कडेला घेऊन हे लिहीत बसलो आहे. त्या दोघी पुढे गेल्या. थांबल्या नाहीत.

दुपारी दोन
गाठलं. वरूनच झुंबरबाईला म्हणालो, चल, बस गाडीत, लोक बघतात. ती थांबली. इतक्या वर्षांत तिला मी असं वरून कधी पाहिलं नव्हतं. तिचा भांगच फक्त दिसत होता, पांढरा. ती मान वर न करता म्हणाली, "आधी तुमी खाली उतरा."
मी खाली पाहिलं. पाय सोडून पाहिला. जमीन लांब होती.
मी म्हटलं, उतरायचं काय, इंजिन बंद पडेल. ती पुढे चालायला लागली.

संध्याकाळी साडेसहा. उचगाव. ज्ञानूच्या दारात, जीपमध्येच
सागरमाळापासून इथवरचं मीटर लिहायचं होतं. मीटर बंद आहे. लुगड्याचं एक टोक अजून आत कुठेतरी अडकलं आहे. घरून चार मैल की साडेतीन तेच ठरलं नव्हतं, माळावरून किती ते आता सांगता येत नाही. आज मात्र ते संपत नव्हतं.
ज्ञानूकडे घडवंची मागितली. म्हणाला, दाजी, आमच्याकडं तसलं काय न्हाय. त्याच्या पडवीत एक दिसते आहे. त्याच्या बायकोने त्यावर पिंप ठेवलं आहे.
मथुरा ज्ञानूच्या गोठ्यात बांधली. बांधली म्हणजे दावं नाहीच. धारेला झुंबरबाई बसली. बादलीत धार पडल्याचा आवाज इथे वरपर्यंत आला. बादली भरली तसा बदललेला आवाजही आला. मला दूध कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी ग्लास इथवर पोचला नसता.
दिवेलागणीला झुंबरबाई ताट घेऊन बाहेर आली. मी टोपी सारखी केली, सदऱ्यावरची धूळ झटकली. तिने दिवा लावला. मथुरेच्या कपाळाला कुंकू लावलं. तीनदा ओवाळलं. गळ्याला हात लावून कानाशी काहीतरी बोलली आणि आत गेली.
बरोबर आहे. आधी जनावर, मग माणूस. आमच्या घरात हीच रीत आहे. ती पुन्हा येईल. निरांजनात तेल अजून आहे, वरून मला स्पष्ट दिसतं आहे.
आज नट मोजायचे राहिले. खाली उतरता आलं की पहिलं तेच करायचं.